डाव्या पंखातलं नाव

सोमवार, १ मार्च

इथल्या मोटारींना थंडीत पांघरुणं घालतात. आतून अस्तर लावलेली, प्रत्येकीच्या मापाची. आणि आम्हाला जे घर दिलंय त्याच्या खिडकीत बोट जाईल एवढी फट! हे मी आल्या आल्या मिस्टर पिंचबेकना तोंडावर सांगितलं. ते या जुन्या यंत्रांच्या संग्रहालयाचे मुख्य. हसले. म्हणाले, मिसेस स्टॅनिलँड, मोटारी साठ वर्षांच्या आहेत, त्यांना दमा आहे. मी म्हटलं, मी एकावन्नची आहे, या खिडकीपाशी निजले तर मलाही होईल. म्हणाले, सुतार पाठवतो. बघू कधी उगवतो तो सुतार.

पण खोटं कशाला बोलू, जागा छान आहे. स्वयंपाकघरात ऊन येतं. खिडकीतून सगळं धावपट्टीचं गवत दिसतं, त्यापलीकडे कोबीची शेतं, आणि त्यापलीकडे नुसतं आभाळ. दुपारी एक जुनी मोटार फटफट करत दारावरून गेली, चालवणाऱ्यानं टोपी काढून मला सलाम ठोकला. डगी त्याचं नाव. इथली सगळी यंत्रं चालती आहेत. नुसती पुसून ठेवलेली नाहीत, मोटारी पळतात आणि विमानं उडतात. माझा नवरा वॉल्ट इथं मेकॅनिक म्हणून लागलाय. तो सकाळपासून असा हिंडतोय जसा काही लग्नाला आलाय. आमच्या लग्नात एवढा हसला नव्हता.

हे लिहायलाही पिंचबेकनीच लावलंय. इथं प्रत्येक टेबलाची एक वही असते. दिवसाचं काम ज्यानं केलं त्यानं आपल्या हातानं लिहायचं, मेकॅनिकनं वाचून सही करायची. सही नाही तर यंत्र दाराबाहेर नाही. मी सांगितलं, तेराव्या वर्षी शाळा सोडून मी बटाटे काढायला गेले, मला लिहिणंबिहिणं जमायचं नाही. तर म्हणाले, बोलता तसं लिहा. आता वाचा.

गुरुवार, ४ मार्च

मला चहाच्या खिडकीवर बसवणार असं पत्रात लिहिलं होतं. ते गेलं. मिसेस लीक म्हणून एक ब्याऐंशी वर्षांची म्हातारी आहे, विमानांच्या पंखांचं कापड तीच शिवते. तिचे हात आता थरथरतात. तिनं माझे हात उलटेसुलटे करून पाहिले, विचारलं काय काम केलंस आयुष्यभर. म्हटलं, इकडच्याच बोस्टन गावातल्या कारखान्यात वीस वर्षं गाद्या शिवल्या. पिंचबेकना तिथूनच ओरडून म्हणाली, ही माझी, चहा दुसरं कोणीही ओतेल.

काम अवघड नाही, चिवट आहे. पंख म्हणजे आत लाकडाच्या फासळ्या, वरून लिननचं कापड. मेण लावलेल्या दोऱ्यानं कापड प्रत्येक फासळीला आरपार शिवायचं. मग त्यावर डोप नावाचं रोगण चोपडायचं. ते वाळलं की कापड आवळतं, ढोलासारखं ताठ होतं. असे सात हात.

जिचे पंख शिवायचे तिला हे लोक डचेस म्हणतात. पहिल्या महायुद्धातलं दोन सीटचं विमान. वॉल्टच्या हवाली तीच, दुरुस्त करायची त्यानं आणि उडवायचीही त्यानंच. आज पाहिलं, जाता येता तिच्या अंगावरून हात फिरवतो. ओल्या फडक्यानं पुसतो, मग कोरड्यानं. घरी बशी पुसायला सांगितली तर त्याची कंबर धरते. मी विचारलं, एवढं काय आहे तिच्यात? म्हणाला, मेव्ह, हिला काही बोललं तर ही उलट बोलत नाही.

मंगळवार, १६ मार्च

आज डाव्या खालच्या पंखाचं जुनं कापड काढलं. वॉल्ट कापत होता, मी ओढत होते. तिसऱ्या फासळीवर पेन्सिलीनं लिहिलेलं निघालं. ऑलिव्ह ड्रिंग, १९१७. काल लिहिल्यासारखं स्वच्छ.

मिसेस लीकनं सांगितलं, ही शिवणाऱ्या बायकांची जुनी रीत. कापड चढवायच्या आधी आपलं नाव आत लिहायचं. पुढे कोणी नवं कापड चढवलं तर तिनं आपलं नाव जुन्याच्या खाली लिहायचं. वर नाही, बाजूला नाही, खाली. आणि आधीचं कधी पुसायचं नाही. म्हटलं, का? म्हणाली, घर तिचं आहे पोरी, तू भाडेकरू. ऑलिव्ह तिच्या गावातलीच. तेव्हाचं डोप विषारी होतं, शिवणाऱ्या मुली पिवळ्या पडायच्या. ऑलिव्ह वीस वर्षांची होती. पंख पुरा केला आणि पंधरा दिवसांत गेली. या पंखाचं कापड तेव्हापासून कोणी बदललेलंच नाही.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण वॉल्ट तिथंच उभा होता, त्या नावावर अंगठा ठेवून. चहा झाला तरी तिथंच.

सोमवार, २२ मार्च

आता ऐका. वॉल्टनं जुनं कापड घडी करून ठेवलंय, आल्यागेल्याला टाके दाखवतो. बघा म्हणे, किती बारीक, किती एकसारखे, पट्टी लावून मोजा. डगी, पिंचबेक, मिसेस लीक सगळे बसले होते चहाला. डगीनं सहज विचारलं, आणि मेव्हिसचे? तर माझा नवरा म्हणतो, मेव्हिसचे टाके मजबूत असतात हो, वर गाढव झोपवलं तरी उसवणार नाहीत.

सगळे हसले. मीसुद्धा हसले, काय करणार.

ऑफिसात १९१७ चा फोटो होता, शेडच्या दारात उभ्या असलेल्या मुलींचा. तो आणून वॉल्टनं टेबलासमोर टांगलाय. डावीकडून दुसरी ऑलिव्ह. केस मागे बांधलेले, हनुवटी वर. माझा एक फोटो पाकिटात ठेव म्हणून किती वर्षं म्हणाले असेन मी.

अकरा वर्षं झाली, या माणसानं माझ्या खांद्यावर हात ठेवलेला नाही. हे वाचून सही कर, वॉल्ट.

(त्यानं सही केली. आणि त्या दिवसापासून वाचणं सोडलं, नुसती सही टाकतो.)

शुक्रवार, २६ मार्च

पुसलं.

मिसेस लीक दातांच्या डॉक्टरकडे गेली होती, वॉल्ट इंजिनपाशी. पॉलिश पेपर घेतला आणि तिसरी फासळी घासून काढली, पांढरं लाकूड दिसेपर्यंत. मग त्याच जागी लिहिलं, मेव्हिस स्टॅनिलँड. मोठ्या अक्षरात. संध्याकाळच्या आत कापड चढवून शिवूनही टाकलं. बघू दे आता कोणाला दाखवतो.

हात हलका वाटला. घरी येऊन दोन वाट्या पुडिंग खाल्लं.

मंगळवार, ६ एप्रिल

डोपचा पहिला हात. नाशपतीच्या गोळ्यांसारखा वास, डोकं भणभणतं. कापड वाळताना आवळतं तेव्हा बारीक करकर ऐकू येते. मजा अशी की माझीही बोटं आवळली. जेवताना काटा धरता येईना. मिसेस लीक म्हणाली, नव्या माणसाला होतं असं. मग विचारलं, नाव खाली लिहिलंस ना? मी हो म्हटलं.

बुधवार, १४ एप्रिल

तिसरा हात झाला. आरशात पाहिलं. डोळ्यांखालच्या पिशव्या गेल्यात. हनुवटीखालचं लोंबतं कातडं वर चढलंय. चाळिशीची दिसते. डगीनं शीळ घातली. म्हणाला, मिसेस स्टॅनिलँड, इथली हवा मानवली तुम्हाला. बरं वाटलं, का वाटू नये?

आणखी एक. लिहू की नको. वॉल्ट कापडाचा ताण तपासतो तेव्हा बोटाच्या टोकानं फासळ्यांच्या मधे टिचकी मारतो. आज तो शेडच्या त्या टोकाला पंखाशी होता, मी इकडे सुया लावत होते, पाठ त्याच्याकडे. त्यानं टिचकी मारली ती मला लागली. इथं, डाव्या बाजूला, फासळ्यांच्या मधे. मग त्यानं तळवा ठेवला, सावकाश खाली आणला.

मी सुई ठेवून उभी राहिले. डोळे मिटून. कोणाला काही सांगणार नाही मी.

मंगळवार, २० एप्रिल

चौथा हात. वॉल्ट सकाळी म्हणाला, शर्टाबद्दल आभार. कोणता शर्ट? निळा, कोपरावर फाटलेला. मी हात लावला नव्हता. पाहिलं तर रफू केलेलं. इतकं बारीक की बोट फिरवलं तरी कळू नये.

आणि म्हणे, सकाळी गात होतीस, छान वाटलं. मी गात नाही. चर्चमध्येही नुसते ओठ हलवते. सकाळी मी साडेसहालाच शेडमध्ये आले होते.

गुरुवार, २९ एप्रिल

पाचवा हात. वजन उतरतंय. धावपट्टी ओलांडताना वारा आला तर पाय जमिनीवर टिकेनात, कुंपणाला धरून उभी राहिले. बोलायला तोंड पुरतं उघडत नाही, गालाची कातडी ओढते.

चहाच्या खिडकीवर गेले. नवी बाई म्हणाली, अहो आत्ता तर दोन कप घेऊन गेलात, एक तुमचा, एक नवऱ्याचा. म्हटलं, मी नाही. हसून म्हणाली, मग तुमची बहीण असेल, धाकटी.

मला बहीण नाही. आणि मी चहा घेऊन कधी कोणाच्या मागे गेलेली नाही. ज्याला हवा तो येतो.

बुधवार, ५ मे

दुपारी घरी गेले. अंगणात एक बाई कपडे वाळत घालत होती. माझा हिरवा कोट, माझा एप्रन. केस मागे बांधलेले. पाठमोरी. मी ओरडले, म्हणजे तोंड उघडलं, आवाज आला तो कापड फडफडल्यासारखा.

तिनं वळून पाहिलं. चेहरा माझाच. पण माझा असा कधी नव्हता — गालांवर रंग, हनुवटी वर. मला बघून घाबरली नाही. उरलेले दोन चिमटे लावले आणि आत गेली. दाराला आतून कडी.

माझ्या घराच्या दाराला!

खिडकीची फट बुजवलेली दिसली. सुतार आला होता वाटतं. तिच्यासाठी आला.

सोमवार, १० मे

मिसेस लीकला सगळं सांगितलं. घासून पुसलं तेही. तिनं चष्मा काढून ठेवला. मग म्हणाली, मूर्ख बाई. मेल्यावर दुसरी कुठली जागा नव्हती तिला, तेवढीच होती. तू तिला बाहेर काढलंस आणि आपल्या हातानं आपली पाटी लावलीस. मग ती जाणार कुठं? तुझी जागा रिकामी झाली, तिथं गेली.

विचारलं, आता काय? म्हणाली, तिसऱ्या फासळीवरचं कापड कापायचं, तुझं नाव खरवडायचं, वर तिचं परत लिहायचं. पण तुझ्या हातानं व्हायचं नाही. मेकॅनिकनं करायचं, पंखाच्या वहीत सही त्याची आहे. आणि उडायच्या आधी. एकदा या पंखानं माणूस उचलला की जी आत आहे ती आत. पुढचं कापड निघेपर्यंत.

डचेसच्या उड्डाणाचा रविवार ३० मे.

आणखी एक म्हणाली. डोळे पुसत, सावकाश. ऑलिव्ह शिवायला माझ्या शेजारच्या बाकावर बसायची. परवा मला दारात भेटली, मला ओळखलं तिनं. मी तिच्याविरुद्ध वॉल्टला सांगणार नाही. तूच सांग.

शुक्रवार, १४ मे

व्हायचं नाही म्हणाली, तरी कात्री घेतली. तिसरी फासळी. बोटभर कापलं —

पाठ फाटली. रक्त एप्रनवर, कमरेपर्यंत. किंचाळले तर साऱ्या शेडमध्ये नुसती करकर.

वॉल्ट धावत आला. माझ्याकडे नाही. पंखाकडे. कोणी केलं हे, कोणी केलं हे म्हणत चीर शिवली, वर ठिगळ, वर डोप. प्रत्येक टाका मोजला मी. हात किती हळुवार चालवतो हा माणूस, मला माहीतच नव्हतं.

मंगळवार, १८ मे

सातवा हात झाला. पंख चढवला. तारा आवळल्या. मी आता घरी जात नाही. जाता येत नाही, दारापर्यंत जाते आणि ताण बसतो. वही टेबलावर आहे तेवढं हाताशी. भूक नाही. लोक माझ्याकडे बघतात ते पलीकडचं बघतात. पिंचबेक पार माझ्या अंगावरून गेले, म्हणत होते, मिसेस स्टॅनिलँड किती बदलल्या, आल्या तेव्हा काय तिखट जीभ होती.

शुक्रवार, २१ मे

ती आली. वॉल्टचा डबा घेऊन. मटणाचा पाय आणि कांदा, वास ओळखला, माझंच भांडं. त्यानं खाल्लं, बोटं चाटली, तिच्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांसमोर. डगी म्हणाला, ओहो, म्हातारपणी मधुचंद्र!

जळले मी. दुसरं काय लिहू.

जाताना ती माझ्यापाशी थांबली. कापडावर तळवा ठेवला, गरम. कोणाला ऐकू जाणार नाही अशी म्हणाली, धीर धर. चोपन्न वर्षं वाटतात तेवढी मोठी नसतात. पावसात जरा सैल होतं, तेव्हा श्वास घे.

चांगुलपणानं म्हणाली. तेच सहन होत नाही. मला दया दाखवते — माझ्याच कोटात —

सोमवार, २४ मे

वॉल्ट एकटाच होता. वही उघडली त्यानं. सगळी वाचली, पहिल्या पानापासून. ओठ हलवत वाचतो तो. मला वाटलं आता कात्री घेईल.

उठून आला. तिसऱ्या फासळीपाशी. टिचकी मारली. तळवा ठेवला.

म्हणाला, मेव्ह, मला कळलं होतं गं. शर्टाच्या दिवशीच कळलं.

म्हणाला, अकरा वर्षं म्हणतेस. तू तरी कधी जवळ येऊ दिलंस? आलो की तोंड सुटायचं तुझं.

म्हणाला, आता काय कमी आहे तुला? रोज हात फिरवतो.

बुधवार, २६ मे

उद्यापासून पेन्सिल धरता येणार नाही. म्हणून आजच.

ऐकलं मी, रविवारी तिला पुढच्या सीटवर बसवणार आहेस. मला कधी म्हणालास, चल? एकदा तरी? ती बसणार आणि मी तिला उचलणार. तुझी बायको तुझ्या बायकोला — नाही. वॉल्ट, हसू येतं मला, हसले तर शिवण ताणते.

जीभ तिखट होती, कबूल. तुझे मोजे सत्तावीस वर्षं मी धुतले तेही लिही मग. तुझी आई शेवटी अंथरुणावर होती, तिचं सगळं कोणी केलं? ऑलिव्हनं? तिचे टाके बारीक असतील. माझे टिकले.

हात फिरवतोस ते आवडतं. हेही कबूल. म्हणून आधी बोलले नाही, चूक झाली. पण असा नको. तोंड असलेल्या बाईला हात लावून दाखव.

तिचं नाव परत लिही, वर, तिच्या जागी. मी खाली लिहीन. बारीक अक्षरात. तेवढं तिचं देणं आहे माझ्याकडे.

शनिवारी, २९ तारखेला, दुपारी चार वाजता सहीला येशील. येताना कात्री आण. आणायची नसेल तर इथं, या ओळीखाली, तुझ्या हातानं लिही की तुला ती हवी. स्पष्ट लिही, मला वाचता येईल असं. मिसेस लीकच्या समोर लिही. पण गप्प राहून नुसती सही टाकून जाऊ नकोस, वॉल्ट, तुझी ती जुनी सवय, इथं चालणार नाही. शनिवार. चार. उत्तर पाहिजे मला. नुसती सही दिसली तर मी रविवारी वर गेल्यावर, तुम्हा दोघांना घेऊन, तिसऱ्या फासळीचा दोरा मीच —